शब्दांवाचून स्तोत्र : जॉन कोल्ट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिका

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या व्यासपीठावर गेली पन्नास वर्षे नाट्यसंगीताची, ख्यालाची आणि भजनाची सेवा रुजू झाली, तेथून एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाविषयी बोलण्याची अनुज्ञा आपण आम्हांला दिलीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "त्या गोंगाटाशी आपले नाते काय?" प्रश्न रास्त आहे. सॅक्सोफोनची आपली ओळख झाली ती सी. रामचंद्रांसारख्यांच्या चित्रपटगीतांतून आणि तेथील गोमंतकीय वादकांमुळे. साहजिकच हे वाद्य म्हणजे नाचाचा ठेका, अशी समजूत रूढ झाली. जॉन कोल्ट्रेनने हेच वाद्य प्रार्थनेला लावले.

त्याचा जन्म 23 सप्टेंबर 1926 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. आजोबा धर्मोपदेशक, वडील शिंपीकाम करीत आणि हौसेने वाद्ये वाजवीत. बाराव्या-तेराव्या वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने, ही दोन्ही माणसे त्याने गमावली. पुढे फिलाडेल्फिया, नौदलातील अल्पकाळची नोकरी, डिझी गिलेस्पीच्या ताफ्यातील उमेदवारी, असा हा प्रवास आहे. 1955 साली ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतले आणि 1957 साली काढून टाकले. कारण हेरॉइनचे व्यसन. त्याच वर्षी त्याने ते सोडले. आपल्याला ईश्वरी कृपेने जाग आली, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले आहे. अशा कथनांकडे आम्ही एरवी संशयाने पाहतो. परंतु येथे पुरावा ध्वनिमुद्रिकांचा आहे. त्याच वर्षी थेलोनियस मंक या पियानोवादकापाशी त्याने जणू गुरुगृही राहिल्याप्रमाणे धडे घेतले आणि सप्टेंबरात 'ब्लू ट्रेन' ही मुद्रिका केली. त्याचा रियाज तर मित्रांच्या चिंतेचा विषय होता. दोन कार्यक्रमांमधल्या विश्रांतीतही तो वाद्य खाली ठेवीत नसे.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपला गायक षड्ज धरून बसतो. जॅझचा वादक मात्र पायाखालच्या सरकत्या स्वरसमूहांवर, म्हणजे कॉर्डवर, उपज करीत जातो. मे 1959 मध्ये मुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये कोल्ट्रेनने हे सरकणे इतके भरधाव केले की, आधारस्वर तीन जागी सतत उड्या मारतो. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक आपली पाळी आली तेव्हा अडखळला, आणि ते अडखळणे मुद्रिकेत तसेच राहिले. याच फ्लॅनगनने 1982 साली ती रचना स्वतःच्या मुद्रिकेत पुन्हा वाजवली. तेवीस वर्षे मनात सलत राहिलेला तो हिशेब असावा, असे आमचे अनुमान आहे.

परंतु नवल पुढेच आहे. या मुद्रणाच्या अवघे दोन आठवडे आधी हाच वादक डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये नेमके उलट काही वाजवीत होता : एकच स्वरसप्तक घेऊन त्यात निवांत विहार. दोन्ही वाटा त्याच्यासमोर होत्या. ऑक्टोबर 1960 मध्ये त्याने 'माय फेव्हरिट थिंग्ज' मुद्रित केले. 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतील हे बालसुलभ गीत आपल्यापैकी अनेकांना चित्रपटामुळे परिचित आहे. कोल्ट्रेनने सोप्रॅनो सॅक्सोफोनवर, सनईच्या जवळ जाणाऱ्या टोकदार नादात, त्याचा तेरा मिनिटांहून अधिक विस्तार केला. खालचे दोन कॉर्ड जवळजवळ हलत नाहीत. दादऱ्याच्या अंगाने चालणाऱ्या लयीवर चाललेली ही बढत ऐकताना आपल्या कानाला परके वाटण्याचे कारण उरत नाही.

त्याचे सुप्रसिद्ध चतुष्क 1962 पर्यंत स्थिरावले : पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. नायक म्हणून कोल्ट्रेन मितभाषी होता. साथीदारांना सूचना थोड्या, मोकळीक भरपूर. कित्येकदा पियानो आणि बास थांबत आणि तो व जोन्स दोघेच झुंजत राहत. आपल्याकडील सवाल-जवाबाची ती रीत नव्हे. त्यात कोणी कोणाला समेवर गाठू पाहत नाही.

आता आपल्या देशाचा प्रश्न. नोव्हेंबर 1961 मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये त्याने 'इंडिया' नावाची रचना वाजवली. तिचा अभिमान भारतीयांना वाटतो, तो आम्हांला अस्थानी वाटतो. बासचा अखंड गुंजारव तंबोऱ्याची आठवण देतो हे खरे. पण तो राग नव्हे, आणि नावावरून नाते ठरवू नये. पंडित रविशंकरांविषयी त्याला अपार आदर होता; 1965 साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. पंडितजींना मात्र त्याच्या संगीतातील खळबळ अस्वस्थ करी, आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. त्या अस्वस्थतेत तथ्य आहे. जून 1965 मधील, अकरा वादकांचे 'असेन्शन' आम्ही तीनदा ऐकले आणि तिन्ही वेळा मधेच थकलो. टायनर आणि जोन्स हेही त्यानंतर वर्षभराच्या आत त्याला सोडून गेले.

खरे नाते आम्हांला दुसरीकडे सापडते. 9 डिसेंबर 1964 रोजी, एका बैठकीत, न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डरच्या मुद्रणगृहात 'अ लव्ह सुप्रीम' ध्वनिमुद्रित झाली. चार भाग, सुमारे तेहतीस मिनिटे. पहिल्या भागात चार स्वरांचे एक लहानसे पद बासवर येते. कोल्ट्रेन ते पट्टी बदलून पुनःपुन्हा वाजवतो, आणि अखेर वाद्य बाजूला ठेवून तेच शब्द जपासारखे उच्चारतो. चौथ्या भागाचे नाव 'साम', म्हणजे स्तोत्र. त्यात ठेका नाही. टिंपनीचा, दूरच्या नगाऱ्यासारखा, घुमारा आहे. मुद्रिकेच्या वेष्टनात कोल्ट्रेनची ईश्वराला उद्देशून लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. लुईस पोर्टर या अभ्यासकाने ती प्रार्थना आणि सॅक्सोफोनचे स्वर समोरासमोर ठेवून दाखवले की, कोल्ट्रेन ती अक्षरशः वाचतो आहे : जितकी अक्षरे तितके स्वर, वाक्य संपले की स्वर खाली उतरतो. प्रार्थना म्हटली गेली, परंतु शब्द कोठेच ऐकू येत नाहीत.

17 जुलै 1967 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. पत्नी ॲलिस स्वतः पियानो आणि हार्पवादक. पुढे ती तुरीयसंगीतानंदा या नावाने संन्यासिनी झाली आणि कॅलिफोर्नियातील आश्रमात भजने गाऊ लागली. त्याची अज्ञात मुद्रणे अद्याप सापडत आहेत : 1963 सालच्या एका बैठकीची 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, तर 'अ लव्ह सुप्रीम'च्या सिएटलमधील 1965 च्या वादनाची 2021 मध्ये.

हे भाषण तयार करताना आम्ही तो चौथा भाग त्या प्रश्नकर्त्या सभासदांना ऐकवला. ते वर्षानुवर्षे एकादशीच्या भजनाला पेटी धरतात. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "हा षड्ज सोडायला तयारच नाही हो." आवडले की नाही, ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

त्या प्रार्थनेचा मराठी मजकूर आपल्या हाती वाटण्यात आला आहे. आता ती सात मिनिटे ऐकू. कृपया पंखे थोडा वेळ बंद ठेवावेत.