औषधाचा पुरावा कसा पारखावा?

(फैजपूर येथील भाषणाचा मजकूर)



२०२० साली माझा मावसभाऊ कोरोनाने अत्यवस्थ झाला. डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायला सांगितला. प्लाझ्मा म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील पिवळसर द्रव. सावदा, रावेर, भुसावळ पालथे घालून आम्ही दाता शोधला. भाऊ बरा झाला. 'प्लाझ्माने वाचवले' असे आम्ही गल्लीभर सांगत सुटलो. एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या घरी तीच वेळ आली. आमच्या शब्दावर त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून प्लाझ्मा आणला. माणूस गेला.

आमच्याजवळ पुरावा कोणता होता? एक रुग्ण बरा झाला, एवढाच. हा सर्वांत कच्चा पुरावा. प्लाझ्मावाचून भाऊ बरा झालाच नसता, हे कशावरून? मोठ्या डॉक्टरांचे 'माझा अनुभव आहे' हे म्हणणेही, आदर राखून सांगतो, याच पायरीच्या आसपास बसते. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या अनेक रुग्णांची तुलना ही वरची पायरी. पण तिथेही फसगत होते. आपल्या केळीचेच पाहा. कसदार काळ्या जमिनीत नवे खत टाकले, बरड जमिनीत टाकले नाही, तर घड खताने भरला की जमिनीने? म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडतात. असा प्रयोग अधिक बळकट. आणि अशा अनेक चांगल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब सर्वांत वर.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांत, मध्यम आजारी असलेल्या ४६४ रुग्णांवर असाच प्रयोग केला. प्लाझ्मा दिलेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न दिलेल्या २२९ पैकी ४१. म्हणजे फायदा दिसला नाही. हे ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आले होते! ब्रिटनमधील 'रिकव्हरी' प्रयोगात ११,५५८ रुग्ण होते, निष्कर्ष तोच. १७ मे २०२१ रोजी सरकारी उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला. त्याच 'रिकव्हरी'ने जून २०२० मध्ये दाखवले होते की, डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात.

हे सगळे मी उशिरा वाचले आणि शेजारी जाऊन सांगितले. त्या माउलीने एवढेच विचारले, "भाऊ, हे आधी काबरं नाही सांगितलं?"