शनिवारी थांबणारा घाणा

 

बैलाचा तेलघाणा आपल्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. कोकणात, आताच्या रायगड जिल्ह्यात, काही तेली शनिवारी घाणा जुंपतच नसत. लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. ही ज्यू धर्माची माणसं, बेने इस्राएल. बोली मराठी, नेसण नऊवारी, आडनावं गावावरून: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर.

यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या कंपनीच्या फौजेत होते. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते कैद झाले. असं सांगतात, की टिपूच्या आईनं रदबदली केली म्हणून त्यांचा जीव वाचला. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्यांचा नवस होता. तो त्यांनी १७९६ साली मुंबईत फेडला. बेने इस्राएलांचं हे पहिलं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग. १८६० साली ते मशीद बंदर भागात आताच्या जागी आलं. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे ‘दयेचं दार’.

आत गेलात तर मूर्ती दिसणार नाही, तसबीर दिसणार नाही. मधोमध कठडा असलेला चौथरा, तिथून प्रार्थना म्हणतात. वर टांगलेले दिवे. पश्चिमेच्या भिंतीत पडद्याआड कपाट, त्यात चामड्यावर हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. पश्चिमेलाच का? कारण इथून जेरुसलेम त्या दिशेला आहे. बायांची बसायची जागा वरच्या सज्जात.

पण बायांनो, मला खरी गोष्ट पुढेच वाटते. हे घर बांधलं जाण्याआधी कित्येक पिढ्या या लोकांकडे ना सिनेगॉग होतं, ना ग्रंथ. मग धर्म टिकला कुठं? चुलीपाशी. शनिवारी काम नाही, काय खायचं आणि काय नाही, हे घराघरांत पाळलं गेलं. नवस फेडायला आजही मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड आणि सुकामेवा. वर फळं मांडतात आणि एलियाहू पैगंबराचं नाव घेतात.

१९४८ नंतर यांच्यातले बहुतेक जण इस्राएलला गेले. सामुदायिक प्रार्थनेला रीतीप्रमाणे दहा मोठे पुरुष लागतात. आता कित्येक जुन्या सिनेगॉगांत तेवढे जमणंही अवघड झालंय. भिंती उभ्या आहेत, माणसं पांगली. मलिदा मात्र त्या बाया सोबत घेऊन गेल्या. तिकडेही तो होतो.

आपल्या गावातही जुनं देऊळ आहे, दर्गा आहे, पडका वाडा आहे. चुना-दगडाची डागडुजी पैशानं होईल. पण तिथं कुणाचा नवस होता, कोणता नैवेद्य होता, कोणती ओवी म्हणायचे, हे एखाद्या आजीलाच ठाऊक असतं. येत्या बैठकीला तिला बोलवा, पुढं बसवा आणि ती सांगेल ते वहीत लिहून घ्या.