बाप, लेक आणि बोनेट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या घरांत बाप आणि मिसरूड फुटलेला मुलगा समोरासमोर बसून फारसे बोलत नाहीत. आई मध्ये असते, टपाल खात्यासारखी. 'त्याला सांग' आणि 'अब्बांना विचार' या दोन वाक्यांवर घर वर्षानुवर्षे चालते. अशा दोघांना बोलायला मध्ये काहीतरी तिसरे लागते. शेतकऱ्याच्या घरी बैलजोडी असते, पैलवानाच्या घरी आखाडा. पनवेलमधल्या माझ्या ओळखीच्या एका घरात ती जागा जुन्या फियाटने घेतली.

गाडी आजोबांची, १९६६ची. वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली. हिचीच धाकटी बहीण 'प्रीमियर पद्मिनी' मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. ही मात्र ताडपत्रीखाली गंजत उभी होती.

एका रविवारी दोघांनी बोनेट उघडले. १०८९ सीसीचे इंजिन. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बिघाड कानाने शोधायचा. कान बापाकडे होता. टॅपेटचा आवाज कोणता, कार्ब्युरेटरची कुरकुर कोणती, हे त्यांना डोळे मिटून कळे. पण गुडघे गेलेले, म्हणून गाडीखाली मुलगा. तो खालून विचारी, ते वरून सांगत. एकमेकांचे तोंड दिसत नव्हते म्हणून असेल, पण पान्यावरून सुरू झालेले बोलणे नोकरीवर, लग्नावर आणि एकदा तर वारलेल्या आजोबांवर गेले.

गाडी सुरू झाली तसे मुलाला शर्यतीचे वेध लागले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आमच्या दारातूनच सुरू होतो, मोह कुणालाही होईल. पण राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या रस्त्यावर दुसऱ्यांचीही मुले असतात. वडिलांनी 'नाही' म्हटले नाही. एवढेच म्हणाले, "आधी चारही चाकांचे ब्रेक कर, मग वेगाचे बोलू."

ब्रेकला दोन महिने लागले. मग दोघे रॅलीत उतरले. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्या रोज वापरता येत नाहीत, पण रॅलीला नेता येतात. रॅलीच्या एका प्रकारात ठरलेले अंतर ठरलेल्या सरासरी वेगाने कापायचे असते. उशीर झाला तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरीही जातात. एकाने चालवायचे, दुसऱ्याने शेजारी बसून घड्याळ सांभाळायचे. मुलगा चालवणार, बाप 'सावकाश' म्हणणार आणि मुलाने ऐकले तर गुण वाचणार! असा खेळ आपल्या घराघरांत हवा.

हा नुसता हौशी प्रकार समजू नका. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हे कोइमतूरच्या रॅलीपटूचे चिरंजीव. वेगाचे वेड त्यांच्या घरातच होते.

आमच्या बापलेकांचा काही नंबर आला नाही. परतताना मात्र खोपोलीपर्यंत वाद चालला होता, घड्याळ कोणाचे चुकले याचा. ज्या घरात पूर्वी आईमार्फत निरोप जात, तिथे हा वाद मला बक्षिसाहून मोठा वाटतो.

तुमच्याही घरी काही बंद पडून असेल. जुना रेडिओ असेल, सायकल असेल. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा मुलाला हाक मारा.