चौकटीची खुर्ची

खुर्ची ही वस्तू आपल्या खेड्यापाड्यांतील घरांत उशिरा आली, आणि आली तीही पाहुण्यांसाठी. घरची माणसे पाटावर, चटईवर, घोंगडीवर बसत, तिथेच जेवत आणि तिथूनच उठत. बसण्यापेक्षा उठणे हे अवघड काम आहे, हे गुडघे कुरकुरू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानी येत नाही. मग बाजारातून प्लॅस्टिकची खुर्ची येते. ती हलकी असते, स्वस्त असते, पावसात भिजली तरी बिघडत नाही. परंतु उठताना म्हातारे माणूस दोन्ही हातांवर जो भार देते, तोच नेमका तिला सोसवत नाही. तिचे हात वाकतात, पाय गुळगुळीत फरशीवरून मागे सरकतात, आणि कोणी येऊन आधार देईपर्यंत माणूस आहे तिथेच बसून राहते.

बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात संतपूर हे गाव आहे. तेथील कोणत्याही गल्लीत सापडेल असे एक घर डोळ्यांपुढे आणू. नवरा थोडीशी शेती पाहतो, बायको शिवणकाम करते. घरात सासूबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे माहेर उदगीरकडचे. त्या जन्मल्या तेव्हा उदगीर आणि औराद ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या राज्यातील एकाच बिदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले, औराद म्हैसूर राज्यात आले. म्हणजे आईच्या मागच्या पिढीला जे शेजारचे गाव होते, तेथे बाई लग्न होऊन आल्या त्या परराज्यातील सून म्हणून. माणसांनी मात्र सोयरिकी थांबवल्या नाहीत, हे सांगायला नकोच.

या सासूबाईंना आता मुलाने हात धरून उठवावे लागते. त्यांना त्याचे दुःख गुडघ्यापेक्षा अधिक आहे. न्हाणीघराकडे जायचे तरी हाक मारावी लागते, म्हणून त्या दुपारनंतर पाणी पीत नाहीत. ही गोष्ट सुनेच्या लक्षात आली. मुलाच्या आली नव्हती. खुर्ची घरीच करायची, हे त्या दिवशी ठरले.

लाकूड घरात होते. जुन्या वाड्याची पुढची बाजू पडली, तेव्हा दाराची सागवानी चौकट आणि फळ्या परसात रचून ठेवल्या होत्या. जुन्या सागाचे मोल सुताराला विचारावे. नव्या लाकडातील ओलावा वर्षानुवर्षे निघत राहतो, लाकूड आखडते आणि पक्का केलेला सांधा ढिला होतो. हे लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहून स्थिर झालेले. नवऱ्याने लगेच टेप काढला. बायको म्हणाली, "अहो, आधी आईंना विचारा. त्या दारातून त्या आत आल्या आहेत."

विचारले. सासूबाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भिंत नाही तिथं दाराचं काय करता? घ्या की. उंबऱ्याला तेवढं करवत लावू नका." ज्या उंबऱ्यावर त्यांनी रोज हळदकुंकू वाहिले, तो परसातच राहिला. चौकटीची दोन उभी लाकडे, प्रत्येकी सहा फूट, आणि दाराच्या फळ्या एवढे कामाला आले.

आता माप. नवऱ्याचे म्हणणे असे, की बैठक १८ इंच ठेवावी. उंच बैठकीवरून उठणे सोपे. हे खरे आहे, पण अर्धेच. बैठक फार उंच झाली तर पाय अधांतरी लोंबतात, आणि ज्याचे तळवे जमिनीवर नीट टेकलेले नाहीत त्याला उठण्यासाठी जोर लावता येत नाही. सुनेने वाद घातला नाही. तिने विटा रचून त्यांवर पाट ठेवला, दोन्ही बाजूंना धान्याचे डबे हातांसाठी ठेवले आणि सासूबाईंना बसवले. एकेक घडी घातलेले पोते पाटावर चढवीत गेली. १७ इंचांवर सासूबाई डब्यांवर हात टेकून आपल्या आपण उभ्या राहिल्या. हात बैठकीपासून ८ इंच वर. खुर्चीचे माप ठरले ते असे.

हिशेब नवऱ्याने केला, आणि तो चोख केला. दोन्ही लाकडे लांबीत उभी चिरली की सहा फुटांचे, म्हणजे ७२ इंचांचे, चार नग होतात. एकातून मागचे ३४ इंचांचे दोन पाय. दुसऱ्यातून पुढचे २४ इंचांचे दोन पाय आणि १८ इंचांचा एक हात. उरलेल्या दोहोंतून दुसरा हात आणि आडव्या पट्ट्या. हाताची जाडी एक इंच. करवतीच्या पात्याने लाकडाचा भुसा होऊन थोडे माप खाल्ले जाते, त्यासाठी जागा सोडली.

बाजाराच्या दिवशी दोघे निघाली. घरच्या बाईला बाजार म्हणजे एकच काम नसते. दळणाचा डबा गिरणीत टाकायचा, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या, बँकेत त्यांच्या पेन्शनची चौकशी करायची, शिवणाचे दोरे घ्यायचे. आणि मध्येच कुठेतरी ही लाकडे. लाकडे रिक्षाच्या टपावर बांधलेली, त्यामुळे नवऱ्याला पहिल्याने लाकूड कापण्याच्या गिरणीत जायची घाई. बायकोने दळण आधी टाकायला लावले. "आपण फिरून येईपर्यंत पीठ होऊन जाईल," हा तिचा हिशेब, आणि तोही चोखच होता.

हार्डवेअरच्या दुकानावर पाटी कन्नडमध्ये, उधारीची वही मराठीत आणि घासाघीस दखनीत, असा या भागातील व्यवहार. दुकानदार आतल्या मुलाला "मोळे" आणायला सांगतो आणि गिऱ्हाइकापुढे खिळे ठेवतो. सुताराला कोणी बडिगेर म्हणतो, कोणी बढई. आपल्या मराठीत बारीक खिळ्याला चूक म्हणतात. पावभर चुका द्या, असे म्हणताना कोणाला हसू येत नाही. या दोघांनी मात्र चुका घेतल्या नाहीत. डिंक, पॉलिश पेपर आणि एक नवी पटाशी एवढेच घेतले. कारण वजन झेलणारा सांधा खिळ्यावर उभा राहत नाही. एका लाकडाला कुसू काढावे, दुसऱ्याला तेवढीच खाच पाडावी, आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसावीत. खिळा कालांतराने गंजतो आणि हलू लागतो.

गिरणीवाल्याने लाकूड पाहिले आणि हात झटकले. जुन्या चौकटीत तुटके खिळे असतात, ते पात्याला लागले तर दात जातात, आणि तुकडा उडून माणसालाही इजा होते. त्याचे बरोबरच होते. दोघे गिरणीबाहेर लिंबाखाली बसली. बायकोने दोऱ्याच्या दुकानातून लोहचुंबक मागून आणले. शिंप्याकडे सुया वेचायला ते असतेच. ती लाकडावरून चुंबक फिरवी, जिथे ओढ लागे तिथे खडूची खूण करी, आणि नवरा पकडीने खिळा उपटी. दोन तासांत बावीस खिळे निघाले. त्यांतले काही चौकोनी, लोहाराने घडवलेले होते. नवऱ्याने ते रुमालात बांधून घेतले. कशासाठी, हे त्याने सांगितले नाही.

बिदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकात अली बरीदाने तो सजवला. त्याचे कोरीव लाकडी खांब आणि दगडात जडवलेले शिंपल्याचे काम पाहायला लोक लांबून येतात. ते खांब कोणत्या सुताराने कोरले, हे कोणी विचारीत नाही. शुभवर्तमानांत नाझरेथच्या सुताराचा उल्लेख आहे, पण त्याच्या हातून घडलेल्या एकाही वस्तूचे वर्णन नाही. कोणाच्या तरी घरी त्याने केलेले बाकडे असेलच की!

चारच्या सुमारास लाकूड चिरून मिळाले. वरची काळी पडलेली कातडी गेली आणि आतून सोनेरी तपकिरी साग निघाला. त्याचा तेलकट वास रिक्षाभर दरवळला. खुर्ची पुरी व्हायला अजून आठ दिवसांच्या संध्याकाळी लागणार होत्या. त्या रात्री दिव्याखाली एकच सांधा झाला. मागच्या पायाला खाच पाडली, पट्टीला कुसू काढले. पहिल्याने ते जाईना. नवरा हातोडा उचलणार, तोच बायकोने हात धरला. ठोकून बसवलेल्या कुसवाने खाचेची भिंत फुटते. त्याने पटाशीने कागदाएवढा पापुद्रा काढला. मग कुसू तळहाताच्या दाबाने आत गेले. सासूबाईंनी तो सांधा हातात घेतला, दोन्हीकडे ओढून पाहिला आणि परत दिला.

"भाकरी टाक आता," नवरा म्हणाला.

बायको चुलीशी गेली आणि तशीच परत आली. दळण गिरणीतच राहिले होते. त्या रात्री भातावर भागले.