साथीचे रोग, रान आणि महाजनांचे कर्तव्य

(देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रोगाची साथ ही केवळ वैद्यांच्या चिंतेची बाब नव्हे. गावाने आपली भूमी, पाणी आणि रान कसे राखले, याचाही तो हिशेब असतो. गोमंतकाला हा धडा नवा नाही. एके काळी वैभवाने गाजलेले जुने गोवे पटकी आणि हिवताप यांच्या साथींनी हळूहळू ओस पडले. दाट वस्ती आणि दूषित विहिरी यांपुढे वैभवाचे काही चालले नाही. अखेर 1843 साली पणजीला राजधानीचा अधिकृत मान मिळाला.

अलीकडचा धडा सह्याद्रीच्या रानातील आहे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा एक नवाच विषाणू हाती लागला. तोच हा माकडताप. त्याचा वाहक माकड नव्हे, तर पालापाचोळ्यातील बारीक गोचीड होय. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली गळतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. रानात पाऊल टाकणाऱ्यालाच तो गाठतो.

विषाणू रानात पूर्वीपासूनच असावा, असे जाणकार मानतात. बदलली ती रानाची कड. झाडे तोडून शेते झाली, त्या कडेला गुरे चरू लागली, आणि गुरांच्या रक्तावर गोचिडींची पैदास वाढली. 2015 साली हा ताप सत्तरीतील पाली गावात पोहोचला आणि 2016 साली दोडामार्ग तालुक्यात. त्याचा काळ नेमका काजूच्या हंगामाचा. बागेचा धनी घरी असतो. पाचोळ्यातून बोंडू वेचणारा मजूर मात्र तापाला सामोरा जातो. वर्षाची मिळकत त्या दोन-तीन महिन्यांवर अवलंबून असल्यामुळे त्याला घरी बसणे परवडत नाही.

1998-99 मध्ये मलेशियात निपाह विषाणूची कथा अशीच घडली. डुकरांच्या गोठ्यांलगत फळबागा लावल्या गेल्या; वटवाघळांनी उष्टावलेली फळे डुकरांनी खाल्ली आणि रोग पाळणाऱ्यांपर्यंत आला. 2020 सालच्या कोरोना महामारीच्या उगमाविषयी अद्याप एकमत नाही. तथापि देवालयांची दारे बंद झाली, जत्रा राहिल्या, तेव्हा माणसाचे सामर्थ्य किती तोकडे आहे हे सर्वांनाच उमगले.

त्यात आता हवामानाची भर पडली आहे. उष्मा वाढला की डासाच्या अंगी डेंग्यूचा विषाणू लवकर पक्व होतो. 23 जुलै 2021 रोजी म्हादईच्या पुराने सत्तरीतील घरे कोसळली, आणि मार्च 2023 मध्ये त्याच म्हादई अभयारण्यात वणवे भडकले. एकाच खोऱ्याने दोन वर्षांच्या आत पूर आणि आग दोन्ही पाहिली.

पूर्वजांनी देवाच्या नावे काही रान राखून ठेवले, ते या दृष्टीने दूरदर्शीपणाचे होते. सत्तरीतील निरंकाराच्या राईत रानजायफळाची दुर्मीळ पाणथळ आजही टिकून आहे, ती केवळ देवाच्या धाकाने. देवराई रोग हटविते, असे मात्र नव्हे. मेलेले माकड दिसले तर तिथेही पाऊल न टाकता आरोग्य खात्याला कळविणेच योग्य. परंतु राई पाणी धरून ठेवते, आणि गुरे व माणसे यांना रानापासून अंतरावर राखण्याची मर्यादा गावाला शिकविते.

देवस्थानच्या जमिनींचा निर्णय महाजनांच्या हाती असतो. यास्तव वाहनतळासाठी वा नव्या बांधकामासाठी राईचा एक कोपरा मागितला जाईल, तेव्हा तो नाकारण्याचे धैर्य याच सभेला दाखवावे लागेल. ज्यांच्या काजूच्या बागा आहेत त्यांनी मजुरांना पूर्ण अंग झाकणारे कपडे आणि गोचीड-प्रतिबंधक तेल पुरवावे, आणि ताप आल्यास त्यांची मजुरी कापू नये. देवाच्या नावे राखलेले रान आणि त्या रानाच्या कडेला राबणारा माणूस, या दोघांचेही रक्षण हीच देवस्थानची खरी सेवा होय.