भुताच्या कादंबरीला विचारायचे तीन प्रश्न

(कोयनानगर येथे वाचनालय चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तके निवडायला बसलो, की आपल्यात एक वाद हमखास निघतो. भुतांच्या आणि जादूच्या कादंबऱ्या घ्याव्यात की घेऊ नयेत? अंधश्रद्धेविरुद्ध सभा घ्यायच्या आणि आपल्याच कपाटात हडळी ठेवायच्या, हे कसे, असा आक्षेप असतो. आक्षेप प्रामाणिक आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कामासाठी आयुष्य वेचले आणि ज्यांची २०१३ साली पुण्यात हत्या झाली, त्यांच्या जिल्ह्यात तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख पाहा. तो कथेवर नाही, भीती घालून माणसाला लुबाडणाऱ्यावर आणि छळणाऱ्यावर आहे. भोंदू बाबा भीती खरी म्हणून विकतो. कादंबरीकार ती कल्पित म्हणूनच हाती देतो. तेव्हा पुस्तकात भूत आहे की नाही, ही कसोटी अपुरी आहे. त्याऐवजी मी तीन प्रश्न सुचवितो.

पहिला : भीतीचे कारण शोधले जाते काय? हा प्रश्न कोयनानगरला नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथील जमीन हादरली आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दैवी कोप म्हणून हात जोडून बसणे सोपे होते. शास्त्रज्ञांनी मात्र जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध तपासला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विचार जगात कोठेही झाला, तरी आज कोयनेचे नाव निघते. पुढे या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांचा अभ्यास झाला. चांगली भयकादंबरी याच रीतीने चालते : खुणा दिसतात, तर्क बांधला जातो, तो पडताळला जातो, आणि मगच तळघराचे दार उघडते. कधीही काहीही घडू शकते एवढेच सांगणारे पुस्तक मुलाला घाबरवते, विचार करायला लावत नाही.

दुसरा : राक्षस कोणाला ठरविले आहे? हलक्या भूतकथांत चेटकीण ही बहुधा एकटी म्हातारी असते, नाहीतर विधवा, नाहीतर रानातली बाई. नंदुरबारकडे डाकीण ठरवून बायकांचा छळ होतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही निवड निरुपद्रवी वाटणार नाही. याउलट रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घ्या. तेथील भय पुष्कळदा सभ्य, सुशिक्षित माणसाच्या मनातच दबा धरून बसलेले असते. याच लेखणीने जातीय अत्याचारावरचे ‘लोककथा ७८’ हे नाटक लिहिले, यात मला विसंगती दिसत नाही.

तिसरा : सुटका कोण करतो? नारायण धारपांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना रात्री जागविले. कथेवरची त्यांची पकड निर्विवाद आहे. मात्र त्यांच्या ‘समर्थ’ कथांत संकटग्रस्ताला तारतो तो असामान्य शक्तीचा पुरुष. इतरांनी त्याला शरण जायचे. ‘हॅरी पॉटर’च्या पाचव्या भागात शाळा शिकवीत नाही म्हणून मुले गुपचूप जमून एकमेकांना शिकवितात. चौथ्या भागात गुलाम घरभुतांसाठी एक मुलगी संघटना काढते आणि तिचे मित्रच तिला हसतात. ते हसू आपण सर्वांनी ऐकलेले आहे! पण याच मालिकेचा नायक भविष्यवाणीने ठरलेला आहे, हेही मुलांच्या नजरेस आणून द्यावे. प्रश्न आवडत्या पुस्तकालाही विचारायचे असतात.

हा पलायनवाद आहे, असेही म्हटले जाते. शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, आणि साठ वर्षे उलटल्यावरही धरणग्रस्तांना जमिनीसाठी झगडावे लागले. उद्या या खोऱ्यातल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिले, की बुडालेल्या गावात रात्री दिवे लागतात आणि कोणीतरी आपल्या घराचा उंबरठा शोधत फिरते, तर तिला आपण अंधश्रद्ध म्हणणार काय? त्या गावांचे काय झाले, हे तिच्या वाचकाला आपोआप विचारावेसे वाटेल.

म्हणून माझी सूचना साधी आहे. या कादंबऱ्या कपाटात ठेवा. मात्र कुलपात नको. महिन्यातून एकदा एक पुस्तक घेऊन मुलांबरोबर तासभर बसा, आणि हे तीन प्रश्न त्यांनाच विचारू द्या. मुलांचे उत्तर आपल्याहून वेगळे आले, तर ते आधी पूर्ण ऐकून घ्या.