हें तुम्हांस कोणीं सांगितलें?

(ईदे-मिलादनिमित्त गांवच्या चावडीपुढें भरलेल्या सभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



पैगंबरसाहेबांविषयीं चार शब्द बोलावे असा आपला हुकूम झाला. मी मौलवी नव्हे. तुमच्या मुलांना बाराखडी घोटविणारा मास्तर. म्हणून मोठमोठ्या गोष्टी सोडून, आम्हां मुसलमानांच्या घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत जी गोष्ट चालते तिच्याबद्दल बोलतों. ती म्हणजे हदीस. पैगंबर काय बोलले, कसे वागले, याची एकानें दुसऱ्यास सांगत आणलेली हकीकत म्हणजे हदीस. आणि त्या वागण्याची जी वाट पडली ती सुन्नत.

प्रथम माझी फजिती ऐका. विद्येसाठीं चीन देशापर्यंत जावें लागलें तरी जावें, असें पैगंबर म्हणाले, असें मी कित्येक वर्षें शाळेच्या फळ्यावर लिहीत असें. मुलीला सातवीनंतर घरीं बसवूं नका, हें सांगावयास घरोघर जाई, तेव्हांही हेंच पुढें करी. एका घरीं एक म्हातारे हाफिजचाचा बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, पोरीला शिकवायला माझी ना नाहीं. पण हें पैगंबरांचें बोलणें, हें तुम्हांस कोणीं सांगितलें?" मी म्हणालों, "चाचा, सगळेच म्हणतात." चाचा हंसले. "सगळे म्हणतात, ही कांहीं सनद नव्हे."

मंडळी, सनद हा शब्द तुम्हांस ठाऊक आहे. इनामाच्या जमिनीला सनद लागे. ती नसली तर तोंडाची बडबड कोण ऐके? हदीसेलाही सनदच लागते, आणि शब्दही तोच. तिची सनद म्हणजे सांगणाऱ्यांची सांखळी : मी अमक्याकडून ऐकलें, त्यानें तमक्याकडून, आणि त्यानें खुद्द पैगंबरांकडून. मधली एक कडी खोटी निघाली कीं गोष्ट लंगडी पडली.

एवढी कसोटी कशाला? कारण या गोष्टींवर आमचा सारा दिवस चालतो. कुराणांत नमाजाची आज्ञा आहे. पण पहांटे दोन रकात, दुपारीं चार, तिसऱ्या प्रहरीं चार, दिवस मावळतां तीन आणि रात्रीं चार, हा हिशेब सुन्नतीनें मिळाला. जकात द्या, ही आज्ञा कुराणाची. सोन्यानाण्यावर चाळिसावा हिस्सा, हा आंकडा हदीसेचा. भेटतांच सलाम करावा, उजव्या हातानें जेवावें, शिंकणाऱ्यानें अल्लाचे आभार मानावे व ऐकणाऱ्यानें त्याच्यावर दया मागावी, हें सारें तिकडूनच आलें. एका पोराचा हात ताटभर फिरत होता, त्याला पैगंबरांनीं आपल्या पुढचें खावयास शिकविलें. आमच्या आया आजही मुलांना तेंच सांगतात. पैगंबर घरीं काय करीत, असें हजरत आयेशांना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं ते घरच्यांच्या कामांत असत आणि नमाजाची वेळ झाली कीं जात. बायकोला पाणी भरावयास लावून ओट्यावर बसणाऱ्यांनीं ही सुन्नत ध्यानांत ठेवावी!

आतां ही पारख कोणीं केली तें पाहा. इमाम बुखारी 810 सालीं बुखारा शहरीं जन्मले व 870 सालीं वारले. गांवोगांव फिरून त्यांनीं हदीसा गोळा केल्या. सुमारें सहा लाख सनदी त्यांच्या नजरेखालून गेल्या असें सांगतात. ग्रंथांत घेतल्या त्या, एकच पुन्हां आलेली धरूनही, सात हजारांवर कांहीं. सांगणारा सत्यवचनी आहे काय, त्याची आठवण पक्की आहे काय, ज्याचें नांव तो घेतो त्याची व याची भेट झाली होती काय, हें तपासलें.

आणि येथें कूळ तोललें नाहीं, सचोटी तोलली. सनदींत जिला सोन्याची सांखळी म्हणतात, ती इमाम मालिक, त्यांच्या आधीं नाफे, आणि त्यांच्या आधीं अब्दुल्ला बिन उमर अशी आहे. यांतले नाफे हे मुक्त केलेले गुलाम! हजरत आयेशांच्या तोंडून दोन हजारांवर हदीसा आल्या. अकराव्या शतकांत मक्केंत करीमा नांवाची बाई बुखारींचा ग्रंथ शिकवीत असे, आणि मोठमोठे विद्वान तिच्यापुढें बसत.

यामुळें आंधळेपणा वाढतो असें कोणी म्हणेल. तर दोन गोष्टी ऐका. मदीनेचे बागाईतदार खजुरीच्या झाडांना नराचा मोहोर लावीत. त्यानें कांहीं होईल असें वाटत नाहीं, असें पैगंबर म्हणाले. लोकांनीं तें सोडलें, पीक घटलें. तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं तुमच्या संसाराचीं कामें तुम्हांलाच अधिक कळतात. दुसरी गोष्ट 632 सालची. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशीं सूर्याला ग्रहण लागलें. लोक म्हणूं लागले, सूर्यालाही दुःख झालें. दुःखांत बुडालेल्या बापानें तें मान्य केलें नाहीं; कोणाच्या जन्ममरणानें ग्रहण लागत नाहीं, असें स्पष्ट बजावलें. या दोन्ही गोष्टी पक्क्या ग्रंथांत नोंदल्या आहेत.

मतभेद आहेत. कोंकणांतले शाफई बंधु नमाजांत आमीन मोठ्यानें म्हणतात, आम्ही हनफी मनांत म्हणतों. दोघांजवळही हदीसच आहे. फरक तोलण्यांत आहे. म्हणून कोणी कोणाचें डोकें फोडूं नये.

आतां माझ्या चीनच्या वाक्याचें काय झालें? तें वाक्य कच्चें निघालें. बाराव्या शतकांतले विद्वान इब्न जौजी यांनीं तर त्याला रचलेल्या हदीसांच्या यादींत टाकलें आहे. मी खट्टू झालों. चाचा म्हणाले, "खोटा रुपया चांगल्या कामासाठीं दिला, तरी तो खोटाच. खरा घ्या." आणि त्यांनीं बुखारींतली गोष्ट सांगितली. बायका पैगंबरांकडे आल्या व म्हणाल्या कीं पुरुष आम्हांला तुमच्यापर्यंत पोंचूं देत नाहींत, आमचा एक दिवस वेगळा नेमून द्या. त्यांनीं दिवस नेमला आणि त्यांना शिकविलें.

मुलीचा बाप बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मास्तर, तालुक्याची एस्टी किती वाजतां सुटते?"

बंधुभगिनींनो, हल्लीं मोबाईलवर रोज एक हदीस येते. कोणी तिच्यानें भिववितो, कोणी भांडण लावतो, कोणी औषध विकतो. मागचे लोक एका वाक्यासाठीं महिनोन्महिने पायपीट करीत. आम्हांला एक प्रश्न विचारण्याचाही आळस! आणि हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नव्हे. धर्माच्या नांवानें कोणीही कांहीं सांगो, मौलवी सांगो, भट सांगो, कीं हा मास्तर सांगो. अदबीनें, पण न भितां विचारा : हें तुम्हांस कोणीं सांगितलें? सनद दाखवा.